बारदाना

कळमन्याच्या धान्यबाजारात मी मापाडी.
कट्टा काट्यावर चढला की आकडा ओरडायचा,
बारदाना वजा करायचा,
उरला तो माल.
एकवीस वर्षांत माझा आकडा
कोणी पुन्हा मोजून मागितला नाही.

निकुंज जन्मला तेव्हा दोन किलो शंभर.
धड रडला नाही.
ओल्या टॉवेलसारखा हातावर लोंबायचा,
दूध ओढायचा नाही.
ज्योत्स्ना रात्र रात्र ड्रॉपरने थेंब सोडायची,
गालाला बोट लावून म्हणायची, गीळ ना रे.
माझ्या आईने टेकडीच्या गणपतीला नवस बोलला:
पोराला भूक दे.

नवस बोलताना माप सांगावं लागतं,
हे आम्हाला कुठं माहीत.

तिसऱ्या वर्षी आली.
आधी सगळे खूश. बाळसं धरलं म्हणे.
मग कणकेच्या डब्यात कोरडा हात,
भिजत घातलेली तूर,
शेजारच्या कुत्र्यापुढची पोळी,
उशीच्या अभ्र्यात बुरशी आलेले ब्रेडचे तुकडे.
लोक म्हणाले, बायको पोराला पुरेसं घालत नाही.
लोक म्हणाले, लाडावून ठेवलं.
दोन्ही एकाच लग्नात म्हणाले.

मेडिकलच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट उघडला.
पंधरा नंबरची जोडी.
वडिलांकडून यायचा एक तुकडा आलाच नाही.
पोट भरल्याचा निरोप याच्या मेंदूला पोचत नाही,
तो हावरट नाही, तो उपाशी आहे, रोज, जेवल्यावरही.
कोणाचा दोष नाही, असं होतं, म्हणाल्या.
ज्योत्स्ना सगळं वहीत लिहून घेत होती.
मी ‘वडिलांकडून’ एवढंच ऐकलं.
जन्मभर दुसऱ्यांच्या मालातली घट धरली मी,
आणि माझ्याच हातून
एवढी घट गेली.

आता स्वयंपाकघराला कुलूप.
किल्ली ज्योत्स्नाच्या गळ्यात, मंगळसूत्रात अडकते.
धाकटी कृपाली न्हाणीत नळ सोडून चिवडा खाते,
कागदाचा आवाज त्याला दोन खोल्यांपलीकडून कळतो.
जेवण आठ वाजता ना, बाबा?
हो.
आठ वाजता ना?
हो रे.
आठच ना?
आठला पाच मिनिटं वर झाली
तर टीव्हीचा रिमोट भिंतीवर, डोकं दारावर,
डाव्या मनगटावरची तीच खपली पुन्हा उघडी.
आणि पंधरा मिनिटांनी, स्वच्छ चेहऱ्यानं:
बाबा, तुम्ही रागावले का?

हाच पोरगा पाचशे तुकड्यांचं कोडं
चित्र पालथं ठेवून जोडतो,
नुसत्या कडा चाचपून.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला टांडापेठेतल्या गल्लीत
बारक्या पोरांमध्ये हा चौदा वर्षांचा,
दोरीला लाकडी नंदी.
सगळ्या घरांना मी आधी सांगून आलेलो,
बोजारा म्हणून रुपयाच द्या.
कोपऱ्यावरची नवीन भाडेकरीण राहिली.
तिनं हौसेनं ताट पुढं केलं, करंज्यांचं.
मी धावेस्तोवर एक तोंडात गेली,
दुसरी गेली,
तिसरी हातात धरून तो थरथरत उभा,
डोळ्यांतून पाणी, जबडा चालूच.
मग ती माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली
नि म्हणाला,
बाबा, इथे कुलूप लावा.

ती बाई हसली. तिचं काय चुकलं.
तूप खिशातून छातीला लागत होतं,
मी घरापर्यंत हात वर धरून चाललो.

रविवारी बाजार बंद असतो तेव्हा
त्याला काट्यावर उभा करतो.
परवा एकाहत्तर किलो चारशे.
इथे मी आकडा ओरडत नाही.
सवयीनं वजा करायला जातो,
पण ह्यात बारदाना कोणता?
भूक काढली तर निकुंज किती उरतो,
तो तेच तेच विचारणारा, खपल्या काढणारा,
रागावले का म्हणणारा?
तेवढं माप मला शिकवलं नाही कोणी.

काट्यावरून उतरता उतरता तो विचारतो,
बाबा, किती वाजले?
पावणेआठ.
आठ वाजता ना?
हो.